ध्वनि-आज्ञावली, मुक्त व बहुप्रणालीय

ध्वनीचे मुद्रण, संपादन, संश्लेषण व पुनरुत्पादन ही कामे संगणकाकडून करून घेण्यासाठी लिहिलेल्या सॉफ्टवेअरला ध्वनि-आज्ञावली म्हणतात. आज्ञावलीची मूळ संहिता, म्हणजे संगणकीय भाषेत लिहिलेला तिचा मजकूर, कोणासही वाचण्याची, बदलण्याची व पुन्हा वाटण्याची मुभा परवान्याने दिलेली असेल, तर ती आज्ञावली मुक्त होय. संगणकाचे सर्व भाग एकत्र चालविणाऱ्या मूलभूत सॉफ्टवेअरला प्रचालन प्रणाली किंवा ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात. विंडोज, मॅक ओएस व लिनक्स या तिच्या प्रमुख जाती आहेत. एकाच मुक्त ध्वनि-आज्ञावलीने या सर्व प्रणालींवर सारखेच काम करावे, यासाठी झालेल्या प्रयत्नांचा आढावा प्रस्तुत नोंदीत घेतला आहे. संहिता मोकळी झाली म्हणजे ती कोठेही चालेल, असा सर्वसाधारण समज आहे. ध्वनीच्या बाबतीत तो खरा ठरला नाही. परवान्याने दिलेले स्वातंत्र्य प्रत्यक्ष यंत्रावर उतरण्यास अनेक दशके लागली. [⟶ ध्वनिमुद्रण व पुनरुत्पादन, संगणक].

अडचणीचे स्वरूप : अंकीय ध्वनिमुद्रणात ध्वनितरंगाची उंची ठरावीक कालांतराने मोजून संख्यांच्या रूपात साठवितात. श्राव्य सीडीसाठी दर सेकंदास प्रत्येक वाहिनीचे ४४,१०० नमुने घेतले जातात व प्रत्येक नमुना १६ अंकस्थानांचा (बिटांचा) असतो. दोन वाहिन्यांच्या ध्वनीसाठी दर सेकंदास १,७६,४०० बाइट व तासास सु. ६३·५ कोटी बाइट एवढी माहिती लागते. ही माहिती खंड न पडता ध्वनियंत्रणेकडे पोहोचावी लागते. मजकूर छापणारी आज्ञावली क्षणभर थांबली, तर वाचकाचे काही बिघडत नाही. ध्वनीचा पुरवठा काही सहस्रांश सेकंदच थांबला, तरी खटका ऐकू येतो. हा धोका टाळण्यासाठी काही नमुने आगाऊ एका तात्पुरत्या साठ्यात (बफरमध्ये) भरून ठेवतात. साठा मोठा असेल तर खंड पडत नाही, पण विलंब वाढतो. १,०२४ नमुन्यांच्या साठ्याने सु. २३ मिलिसेकंद, तर ६४ नमुन्यांच्या साठ्याने सु. १·५ मिलिसेकंद विलंब होतो. मुद्रित ध्वनी नुसता ऐकणाऱ्यास पहिला विलंब जाणवत नाही. मात्र कानाला श्रवणयंत्र लावून आपलेच वादन संगणकातून ऐकत वाजविणाऱ्या वादकास तो अडचणीचा होतो.

हा साठा कसा व केव्हा भरावयाचा, याचे नियम प्रत्येक प्रचालन प्रणालीत वेगळे असतात. काही प्रणालींत आज्ञावली स्वतः नमुने पाठविते व जागा नसेल तर थांबून राहते. इतर काही प्रणालींत यंत्रणाच ठरल्या वेळी आज्ञावलीला हाक देऊन पुढील नमुने मागून घेते. पहिल्या पद्धतीस धरून लिहिलेली आज्ञावली दुसऱ्या पद्धतीवर आणावयाची, तर तिची अंतर्गत रचनाच उलटी करावी लागते. यात संख्या साठविण्याच्या क्रमाचीही भर पडते. जुन्या मॅकिंटॉश संगणकांतील प्रक्रियक संख्येचा मोठ्या किंमतीचा बाइट आधी ठेवीत, तर इंटेल कंपनीचे प्रक्रियक लहान किंमतीचा आधी ठेवतात. ॲपलची एआयएफएफ ही धारिका-रचना पहिल्या व मायक्रोसॉफ्ट आणि आयबीएम यांची वेव्ह ही रचना दुसऱ्या क्रमाने लिहिली जाते. क्रम न पाहता वाचलेल्या धारिकेतून संगीताऐवजी केवळ गोंगाट ऐकू येतो.

आरंभीचा काळ : बेल प्रयोगशाळेतील अभियंते मॅक्स मॅथ्यूज यांनी १९५७ मध्ये म्युझिक ही आज्ञावली आयबीएम ७०४ या संगणकासाठी लिहिली. तिच्या साहाय्याने न्यूमन गटमन यांची १७ सेकंदांची रचना सिद्ध झाली. गणिते न्यूयॉर्क येथील संगणकावर होत व संख्यांची चुंबकीय फीत प्रयोगशाळेत आणून तिचे ध्वनीत रूपांतर केले जाई. ही आज्ञावली त्या विशिष्ट यंत्राच्या भाषेत लिहिलेली असल्यामुळे यंत्र बदलले की ती निरुपयोगी होई. मॅथ्यूज यांना तिच्या पुढील आवृत्त्या नव्या यंत्रांसाठी पुन्हा लिहाव्या लागल्या. १९६० नंतरच्या दशकात प्रिन्स्टन विद्यापीठातील ह्यूबर्ट हाउ व गॉडफ्री विनम यांनी म्युझिक ४ चे एक रूप फोर्ट्रान या उच्चस्तरीय भाषेत तयार केले. मॅथ्यूज यांनीही म्युझिक ५ फोर्ट्रानमध्येच लिहिली. त्यामुळे वेग काहीसा कमी झाला. पण फोर्ट्रानची सोय असलेल्या कोणत्याही विद्यापीठात ती नेता येऊ लागली. वेगाचा काही भाग सोडून देऊन वहनीयता मिळविण्याचा हा व्यवहार या क्षेत्रात पुढेही वारंवार करावा लागला.

मूळचे न्यूझीलंडचे संगीतकार बॅरी व्हर्को यांनी प्रथम आयबीएम ३६० साठी म्युझिक ३६० व पुढे मॅसॅचूसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी (एमआयटी) येथे पीडीपी-११ या लघुसंगणकासाठी म्युझिक ११ लिहिली. दोन्हींचे आयुष्य त्या त्या यंत्राएवढेच होते. हा अनुभव जमेस धरून त्यांनी १९८६ च्या सुमारास तीच कल्पना सी या भाषेत उतरविली व तिला सीसाउंड असे नाव दिले. सी भाषेचे अनुवादक बहुतेक सर्व यंत्रांवर उपलब्ध असल्याने सीसाउंड यूनिक्स, मॅकिंटॉश, डॉस, विंडोज व लिनक्स यांवर पोहोचली. इंग्लंडमधील बाथ विद्यापीठाचे जॉन फिच यांनी तिची दीर्घकाळ जोपासना केली. तथापि सीसाउंडची संहिता सर्वांना वाचता येत असली, तरी मूळ परवान्यात तिचा वापर शिक्षण व संशोधन यांपुरता मर्यादित होता. खऱ्या अर्थाने मुक्त परवाना तिला २००३ मध्ये मिळाला. संहिता दिसणे व संहिता मुक्त असणे यांतील भेद या उदाहरणावरून स्पष्ट होतो. जुन्या रचना नव्या आवृत्तीतही वाजल्या पाहिजेत, हे सीसाउंडच्या जोपासकांचे धोरण राहिले आहे. त्यामुळे मूळ संगणक मोडीत निघाल्यानंतरही त्यांवरील संगीत टिकून राहू शकले.

वैयक्तिक संगणक व प्रणालींची फाटाफूट : रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये ग्नू प्रकल्प जाहीर केला आणि १९८९ मध्ये त्याचा सर्वसाधारण सार्वजनिक परवाना (जीपीएल) प्रसिद्ध झाला. या परवान्याखालील आज्ञावली वाटणाऱ्याने तिची संपूर्ण संहिताही त्याच अटींवर द्यावी लागते. लिनस टॉर्व्हाल्ड्स यांनी १९९१ मध्ये लिनक्सचा गाभा प्रसिद्ध केला. याच सुमारास सामान्य संगणकास ध्वनी प्राप्त झाला. सिंगापूरच्या क्रिएटिव्ह कंपनीचे साउंड ब्लास्टर हे ध्वनिपत्र (साउंड कार्ड) १९८९ मध्ये बाजारात आले. मात्र प्रत्येक कंपनीने आज्ञावलींसाठी आपापले स्वतंत्र आंतरपृष्ठ, म्हणजे सेवा मागण्याची ठरावीक पद्धत, तयार केले. एकट्या विंडोजमध्ये १९९१ मध्ये बहुमाध्यम विस्तार, १९९५ मध्ये डायरेक्टसाउंड व व्हिस्टा या आवृत्तीबरोबर वासापी अशी आंतरपृष्ठे एकामागून एक आली व जुनीही राहिली. मॅकवर साउंड मॅनेजरची जागा २००१ मध्ये मॅक ओएस एक्सच्या कोअर ऑडिओने घेतली. जर्मनीतील स्टाइनबर्ग कंपनीने विंडोजमधील विलंब टाळण्यासाठी १९९७ मध्ये आसिओ ही स्वतंत्र पद्धत आणली आणि व्यावसायिक ध्वनिमुद्रणात तीच रूढ झाली.

लिनक्सही या फाटाफुटीतून सुटले नाही. फिनलंडचे हन्नू सावोलाइनेन यांनी १९९२ मध्ये साउंड ब्लास्टरसाठी चालक आज्ञावली लिहिली. तिच्यातूनच ओपन साउंड सिस्टिम (ओएसएस) विकसित झाली. यूनिक्सच्या परंपरेस अनुसरून तिच्यात ध्वनियंत्रणा एखाद्या धारिकेसारखी उघडता येई. तिच्यात संख्या लिहिल्या की ध्वनी निघे. ही पद्धत सुबोध होती. पण साधारणतः एका वेळी एकाच आज्ञावलीला ध्वनियंत्रणेचा ताबा मिळे. पुढे या प्रणालीचा नवा विकास व्यापारी स्वरूपात होऊ लागला. चेक प्रोग्रामकार यारोस्लाव्ह किसेला यांनी ग्रॅव्हिस अल्ट्रासाउंड या ध्वनिपत्रासाठी केलेल्या कामातून १९९८ मध्ये ॲल्सा हा पर्यायी प्रकल्प उभा केला. २००३ च्या अखेरीस आलेल्या लिनक्स २.६ मध्ये ॲल्साला मुख्य स्थान मिळाले. ओएसएसची संहिता २००७ मध्ये पुन्हा मुक्त करण्यात आली, परंतु तोवर लिनक्सने दुसरा मार्ग धरला होता. फ्रीबीएसडी ही यूनिक्सच्या कुळातील प्रणाली मात्र ओएसएसच्या पद्धतीवरच राहिली. त्यामुळे केवळ मुक्त प्रणालींचा विचार केला, तरी ध्वनीची एकच भाषा उरली नाही.

समाईक थर : या परिस्थितीत प्रत्येक आज्ञावलीच्या लेखकास तेच काम पाच-सहा वेळा करावे लागे. यावर उपाय म्हणून रॉस बेन्सिना व फिल बर्क यांनी पोर्टऑडिओ हा उपआज्ञावलींचा संग्रह (लायब्ररी) तयार केला आणि २००१ मध्ये हवाना येथील आंतरराष्ट्रीय संगणक-संगीत परिषदेत तो मांडला. आज्ञावलीने पोर्टऑडिओशी एकाच पद्धतीने बोलावे आणि पोर्टऑडिओने तिचे म्हणणे त्या त्या प्रणालीच्या आंतरपृष्ठात उतरवावे, अशी त्याची योजना आहे. नमुने हवे असतील तेव्हा यंत्रणेनेच आज्ञावलीला हाक द्यावी, ही पद्धत त्यांनी मूलभूत मानली; कारण तिच्यावरून दुसरी पद्धत रचणे उलट प्रकारापेक्षा सोपे असते. पुढील आवृत्तीत स्वतः नमुने पाठविण्याची सोयही देण्यात आली. परवाना अत्यंत सैल ठेवल्यामुळे बंदिस्त आज्ञावलींनाही पोर्टऑडिओ वापरता येतो. याच काळात गॅरी स्कॅव्होन यांनी सी++ भाषेत आरटीऑडिओ हा असाच संग्रह तयार केला. धारिकांचे विविध प्रकार व बाइटांचा क्रम यांची जबाबदारी ऑस्ट्रेलियातील एरिक दि कास्त्रो लोपो यांच्या लिबसंडफाइल या संग्रहाने १९९९ पासून उचलली. हे संग्रह पडद्यावर कोठेच दिसत नसल्याने सामान्य वापरकर्त्यास त्यांची नावेही माहीत नसतात. परंतु बहुप्रणालीय मुक्त ध्वनि-आज्ञावलींचा पाया त्यांनीच घातला.

समाईक थरालाही मर्यादा असतात. सर्व प्रणालींना जे साधते तेवढेच तो निर्धोकपणे देऊ शकतो. एखाद्या प्रणालीचे खास गुण वापरावयाचे, तर त्याला अपवाद करावे लागतात आणि अपवाद वाढले की समाईकपणा घटतो. शिवाय एखाद्या कंपनीने आंतरपृष्ठ बदलले, की तो बदल थरातही करावा लागतो. हे काम बहुतांशी स्वयंसेवकांकडून होत असल्याने अनेक वेळा नवी प्रणाली बाजारात आल्यानंतर काही काळ मुक्त आज्ञावली मागे पडत.

ऑडॅसिटी : या थरांवर उभी राहिलेली सर्वांत परिचित आज्ञावली म्हणजे ऑडॅसिटी होय. अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठात डॉमिनिक मॅझोनी व रॉजर डॅननबर्ग यांनी १९९९ मध्ये तिचे काम सुरू केले व २८ मे २००० रोजी ती ०.८ या क्रमांकाने सर्वांसाठी खुली झाली. पडद्यावरील खिडक्या व कळी यांसाठी तिने जूलियन स्मार्ट यांनी १९९२ मध्ये एडिंबरो विद्यापीठात सुरू केलेल्या व आता डब्ल्यूएक्सविजेट्स या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संग्रहाचा आधार घेतला. ध्वनीसाठी तिने पोर्टऑडिओ स्वीकारला. त्यामुळे एकाच संहितेतून विंडोज, मॅक व लिनक्स या तिन्हींसाठी आज्ञावली सिद्ध करता आली.

तिच्या कर्त्यांनी संपादनाचा एक मूलभूत प्रश्नही सोडविला. तासाभराच्या मुद्रणाच्या आरंभी एक शब्द घालावयाचा झाल्यास पुढील कोट्यवधी बाइट सरकवावे लागतात. ऑडॅसिटीत मुद्रण ठरावीक मर्यादेच्या लहान तुकड्यांत ठेवले जाते व तुकड्यांची यादी वेगळी राखली जाते. कापणे व जोडणे म्हणजे मुख्यतः या यादीतील फेरफार होय. त्यामुळे त्या काळच्या साध्या संगणकावरही लांब मुद्रणांचे संपादन शक्य झाले. तुकड्यांच्या असंख्य धारिका एका ठिकाणाहून दुसरीकडे नेताना काही मागे राहण्याचा धोका असे. २०२१ मधील ३.० या आवृत्तीपासून सर्व माहिती एकाच धारिकेत साठविली जाते.

जॅक व आर्डर : केवळ संपादनाऐवजी अनेक मार्गिकांचे व्यावसायिक मुद्रण करणे हे आर्डर या आज्ञावलीचे उद्दिष्ट आहे. तिचे कर्ते पॉल डेव्हिस यांनी तिच्यासाठी रचलेल्या ध्वनियंत्रणेतून २००२ च्या सुमारास जॅक ही स्वतंत्र प्रणाली पुढे आली. जॅकमुळे एका आज्ञावलीतून निघालेला ध्वनी थेट दुसरीत नेता येतो व सर्व आज्ञावली एकाच तालात चालतात. स्टुडिओतील यंत्रे तारांनी जोडावीत, तशी ही जोडणी असते. फ्रान्समधील ल्याँ येथील ग्राम या संस्थेचे स्तेफान लेत्झ यांनी जॅक मॅकवर नेली आणि अनेक प्रक्रियकांचा लाभ घेणारी तिची नवी रचनाही केली. पुढे ती विंडोजवरही चालू लागली. आर्डर प्रथम लिनक्सवर व नंतर मॅकवर वापरात आली. विंडोजसाठी तिची अधिकृत प्रत २०१५ मध्ये ४.० या आवृत्तीबरोबर निघाली आणि त्याच वेळी जॅकची सक्तीही काढून टाकण्यात आली. स्वतंत्र प्रणाली बसविण्याचा खटाटोप नवख्या वापरकर्त्यास जड जात असे, हे ध्यानात घेता हा बदल महत्त्वाचा ठरतो.

कायदेशीर अडथळे : काही अडथळे तांत्रिक नव्हते. एमपी३ या संक्षेपण-पद्धतीवर एकस्वे (पेटंटे) असल्यामुळे लेम हा मुक्त संकेतक उपलब्ध असूनही ऑडॅसिटीबरोबर तो देता येत नसे. वापरकर्त्यास तो वेगळा मिळवून बसवावा लागे. एकस्वांच्या बंधनास पर्याय म्हणून क्रिस माँटगोमेरी यांनी ऑग व्हॉर्बिस ही मुक्त पद्धत विकसित केली व तिची १.० ही आवृत्ती २००२ मध्ये प्रसिद्ध झाली. एमपी३ चा परवाना-व्यवहार २०१७ मध्ये संपुष्टात आला आणि २०१९ पासून लेम ऑडॅसिटीसोबतच मिळू लागला. आसिओची अडचण निराळी होती. तिची संहिता विनामूल्य मिळे, परंतु पुढे वाटता येत नसे. जीपीएलमध्ये तर संपूर्ण संहिता पुढे देणे बंधनकारक आहे. त्यामुळे विंडोजवरील सर्वांत वेगवान मार्ग पोर्टऑडिओत असूनही ऑडॅसिटीच्या अधिकृत प्रतीत अनेक वर्षे बंद राहिला. वापरकर्त्याने स्वतःपुरती आज्ञावली बांधून घेणे एवढाच उपाय होता. स्टाइनबर्गने २०२५ मध्ये आसिओ जीपीएलच्या तिसऱ्या आवृत्तीखालीही उपलब्ध केली, तेव्हा हा अडथळा दूर झाला.

अलीकडील घडामोडी : लिनक्सवर एकाच वेळी अनेक आज्ञावलींचे ध्वनी मिसळण्यासाठी लेनार्ट पोएटरिंग यांनी २००४ मध्ये पल्सऑडिओचा आरंभ केला. सामान्य वापरासाठी पल्सऑडिओ व संगीतकारांसाठी जॅक अशी दुहेरी व्यवस्था त्यामुळे निर्माण झाली व दोहोंचा मेळ घालणे वापरकर्त्यावर येऊन पडले. विम टायमन्स यांच्या पाइपवायर या प्रणालीने दोन्हींची आंतरपृष्ठे आत्मसात केली. जुन्या आज्ञावलींना न बदलता सामावून घेणे हे तिच्या यशाचे प्रमुख कारण होय. फेडोरा ३४ या लिनक्स वितरणाने २०२१ मध्ये तिचा स्वीकार केला. लिनक्सच्या गाभ्याने वेळेचे बंधन काटेकोरपणे पाळावे, यासाठी दीर्घकाळ वेगळे ठेवलेले फेरफारही २०२४ मधील ६.१२ या आवृत्तीत मूळ संहितेत दाखल झाले.

ऑडॅसिटीची मालकी २०२१ मध्ये म्यूझ समूहाकडे गेली. वापराची माहिती गोळा करण्याचा प्रस्ताव व नवे गोपनीयता-धोरण यांवर त्या वर्षी मोठा वाद झाला. काही प्रोग्रामकारांनी मूळ संहिता घेऊन टेनॅसिटीसारख्या वेगळ्या शाखा काढल्या. नाव व बोधचिन्ह विकत घेता येते, पण मुक्त परवान्याखाली आधीच प्रसिद्ध झालेली संहिता परत घेता येत नाही, हे या प्रसंगाने दाखवून दिले.

भारतात या आज्ञावलींचा उपयोग मुख्यतः शिक्षणक्षेत्रात झाला आहे. पवई (मुंबई) येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात मुक्त सॉफ्टवेअरचे ध्वनिचित्रपाठ मराठीसह अनेक भारतीय भाषांत तयार केले जातात. त्यांत ऑडॅसिटीवरील पाठांचाही समावेश आहे. ऑडॅसिटीच्या पडद्यावरील सूचना मराठीतही उपलब्ध आहेत.

मूल्यमापन : सुमारे सात दशकांच्या या इतिहासातून दोन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, वहनीयता हा संहितेचा उपजत गुण नव्हे. प्रत्येक नव्या यंत्राबरोबर व प्रत्येक नव्या प्रणालीबरोबर ती पुन्हा कमवावी लागते. दुसरी, ज्या आज्ञावली एकाच यंत्रासाठी लिहिल्या गेल्या, त्या यंत्राबरोबर संपल्या. ज्यांची संहिता मोकळी होती व ज्यांनी यंत्रापासून अंतर राखले, त्यांची जोपासना मूळ कर्त्यानंतरही इतरांना करता आली. ध्वनिमुद्रित वारसा आता बहुतांशी अंकीय स्वरूपात जतन केला जातो. तो वाजविणारी आज्ञावली कोणत्या एका कंपनीच्या यंत्राशी बांधलेली आहे किंवा नाही, यावर त्या वारशाचे आयुष्य अवलंबून राहते.